राळ्याचे नऊ दाणे

एकदा जळून गेलेली वस्तू पुन्हा नीट जाळायची, हे माझं काम. सिंगापूरच्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी "आपण काय करता?" असं विचारलं आणि मी हे उत्तर दिलं, की समोरचा माणूस हातातली प्लेट सांभाळत दुसरीकडे बघू लागतो. आयटीतल्या लोकांना स्वतःचं काम सांगायला एक वाक्य पुरतं, मला चार लागतात. संपादकांनी "अनुभव लिहा, पण समजेल असं लिहा" अशी अट घातली आहे, म्हणून ती चार वाक्यं आधीच लिहून टाकतो.

झाड, गवत, धान्य जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहतं. त्यातला अगदी थोडासा भाग कार्बन-१४ नावाचा, आपोआप घटत जाणारा असतो. जीव गेला की नवा कार्बन येणं थांबतं आणि आतला साठा ठरलेल्या गतीने उतरतो, पाच हजार सातशे तीस वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं, की जीव केव्हा गेला ते कळतं.

मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. ते फार मोठं आणि महाग असतं, आणि दुसऱ्या देशात आहे. सेम्बावांगच्या एका औद्योगिक इमारतीच्या चौथ्या मजल्यावर आमची लहानशी लॅब आहे, तिचं काम त्याआधीचं. कोळशाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यातली मुळं वेचायची, आम्लात धुवायचा, अल्कलीत धुवायचा, पुन्हा आम्लात धुवायचा, बंद नळीत जाळायचा, निघालेल्या वायूचा शुद्ध कार्बन बनवायचा आणि तिळाहून लहान काळी गोळी करून पाठवून द्यायची. घरून, म्हणजे पासिर रिसहून, सेम्बावांगला जायला मला दीड तास लागतो आणि गोळी तयार व्हायला पाच दिवस. दोन्हींत घाई चालत नाही.

उत्तर येतं ते कधीही नुसता आकडा म्हणून येत नाही. अमुक वर्षं, अधिक-उणे तीस. शिवाय ती वर्षं 'आजपासून मागे' मोजलेली असतात, आणि आमच्या धंद्यात 'आज' म्हणजे १९५० साल. का, ते लांबण आहे. नव्या माणसाला मी एवढंच सांगतो की इथे 'आज'सुद्धा आजचा नाही, तेव्हा बाकीच्याबद्दल फार खात्री बाळगू नये.

हे न ऐकणारे गिऱ्हाईक म्हणजे आपल्याच मंडळातले देशपांडे. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत ते मॅनेजर होते. त्यांच्या घरात एक लाकडी पेटारा होता आणि तो पेशव्यांच्या काळातला आहे असं त्यांच्या वडिलांचं म्हणणं होतं. मला त्यांनी तीन दिवाळ्या सोडलं नाही. शेवटी आमच्या साहेबांची, म्हणजे मिस्टर टॅन यांची, परवानगी काढून मी पेटाऱ्याच्या तळाचा एक कपचा घेतला.

गेल्या साडेतीनशे वर्षांत हवेतला कार्बन-१४ असा वरखाली झाला आहे की एकाच मोजणीला तीन-चार वेगवेगळे काळ जुळतात. निकाल आला : साधारण १६६० नंतर केव्हाही.

"केव्हाही म्हणजे?" देशपांड्यांनी विचारलं.

"केव्हाही. तुमच्या पणजोबांनी विकत घेतला असेल, तरी चालेल."

"अहो कांबळे, एवढं तर माझे वडील फुकटात सांगत होते. आणि ते निदान पेशव्यांचं नाव तरी घेत होते!"

"शिवाय हे वय झाडाचं आहे, पेटाऱ्याचं नाही," मी सांगितलं. "खोडाच्या गाभ्यातली फळी असेल तर ते लाकूड झाड तोडायच्या दोनशे वर्षं आधीच मेलेलं असतं. झाड फक्त सालीजवळ जिवंत असतं."

"म्हणजे तुम्हांला काहीच माहीत नाही."

मी म्हटलं, "काहीच नाही असं नाही. १६६० च्या आधीचा नाही, एवढं माहीत आहे." ते हसले नाहीत. पण लाकूड स्वतःच्या वयापेक्षा जास्त वय सांगतं, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढचा सगळा गोंधळ तिच्यावर उभा आहे.

हा गोंधळ पाच वर्षांपूर्वीचा. चीनमध्ये त्या काळात 'आपली संस्कृती कुठे, केव्हा आणि कशी सुरू झाली' या प्रश्नाचा नव्याने तपास चालू होता. आधी जुने ग्रंथ आणि खापरांचे आकार यांच्या आधारे बोललं जायचं. आता उत्खननाच्या खड्ड्यात रसायनवाले, वनस्पतीवाले आणि संगणकवाले उतरले होते. खड्ड्यातली माती पाण्यात रोळायची आणि तरंगून वर येणारे जळके दाणे टिपायचे. हाडांतल्या कार्बनवरून माणसं भात खात होती की राळे नावाचं बारीक धान्य, ते काढायचं. आणि सगळ्याला वर्षं लावायची. एकाच मोठ्या नदीकाठी सगळं सुरू झालं आणि तिथून पसरलं, की ठिकठिकाणी आपापलं सुरू झालं, हा खरा वाद होता. त्यामुळे वर्षांना फार मागणी होती आणि त्यातले काही नमुने आमच्यापर्यंत यायचे.

डॉक्टर शेन अशाच आल्या. पस्तिशीच्या, बारीक, केस आखूड कापलेले. इथल्या विद्यापीठात दोन वर्षांच्या फेलोशिपवर होत्या. त्यांनी सहा वर्षं एक लहानसं नगर खणलं होतं. भोवती ठोकून ठोकून बसवलेली मातीची भिंत होती. आपल्याकडे घराची जमीन धुम्मसने ठोकतात तशीच, फक्त पुरुषभर उंच आणि दहा पावलं रुंद. भिंतीला एक दार होतं आणि ते जळालेलं होतं. दाराचा खांब कोळसा होऊन तिथेच पडला होता. त्याच्या शेजारी पहाऱ्याची खोली होती, आणि त्या खोलीत एक मडकं. मडक्यात जळलेले राळे. खांब आणि राळे एकाच आगीत सापडलेले.

त्या नगरापासून खाली, नदीच्या वळणावर, एक फार मोठं आणि नावाजलेलं नगर होतं. भिंत बांधायची विद्या त्या मोठ्या नगरातून इकडे आली, असं सगळे म्हणायचे. डॉक्टर शेन यांचं म्हणणं होतं की त्यांचं नगर आधीचं आहे.

"आधीचं निघालं तर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तर माझ्या प्राध्यापकांच्या संस्थेत मला कायमची जागा आहे. त्यांनी तसं सांगितलंय."

"आणि नाही निघालं तर?"

"जिल्ह्याचं संग्रहालय. काचेची कपाटं पुसायची आणि शाळेच्या सहलींना सांगायचं की हात लावू नका." त्या हसल्या. "पुन्हा खणताही येणार नाही, मिस्टर कांबळे. त्या जागेवरून आता सहापदरी रस्ता जातो. जे आहे ते एवढंच."

एवढंच म्हणजे खांबाच्या कोळशाचा एक डबा आणि एका कागदी पाकिटात एकवीस राळ्याचे दाणे. दाणे त्यांनी विमानात मांडीवर ठेवून आणले होते. आमच्या धंद्यात दाण्याला लाकडापेक्षा जास्त मान असतो. झाड तीनशे वर्षं जगतं, राळा एका हंगामात येतो आणि बहुधा वर्षभरात खाल्ला जातो. दाण्याचं वय म्हणजे आगीचं वय.

आमच्या भागात राळे माझ्या वडिलांच्या लहानपणी पिकत. मी ते पहिल्यांदा हातात घेतले ते पासिर रिसमध्ये, पाळीव पक्ष्यांच्या दुकानात. डॉक्टर शेन यांना हे सांगितलं तर त्यांना राग आला. "आमच्याकडे बाळंतिणीला याची पेज देतात. आणि तुम्ही पोपटांना घालता?"

"मी नाही घालत. सिंगापूर घालतं."

मी सगळं वहीत लिहितो. ही सवय औरंगाबादला एमएस्सी करताना लागली. नमुना कोणी आणला, किती वाजता, खोलीचं तापमान किती, हवेत दमटपणा किती. डॉक्टर शेन यांच्या नोंदीत मी 'ओली छत्री, दाराबाहेर ठेवायला लावली' असंही लिहिलं आहे. खांबाचा कोळसा लगेच कामाला घेतला. दाणे मात्र एकवीसच होते आणि त्यांतले बारा तरी जाळावे लागणार होते, म्हणून नळ्या नव्या मागवल्या आणि तोवर पाकीट एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून नमुन्यांच्या कपाटात ठेवलं. नळ्या यायला चार महिने लागले.

नमुने एकाच खेपेला पाठवले, म्हणून निकालही दोन्हींचे एकदम आले. खांबाचं वय खालच्या मोठ्या नगराइतकंच होतं. राळ्यांचं वय त्याहून चारशे वर्षं जास्त.

मी तो कागद तीनदा वाचला. लाकूड दाण्यापेक्षा जुनं निघावं, हे रोजचं आहे. दाणा लाकडापेक्षा जुना कसा निघेल? चारशे वर्षांचे राळे कोणी पहारेकऱ्याच्या मडक्यात ठेवतं का? आगीच्या चारशे वर्षं आधी पिकलेलं धान्य आगीच्या दिवशी मडक्यात?

डॉक्टर शेन यांना फोन केला तेव्हा त्यांनी फक्त दुसरा आकडा ऐकला.

"चारशे! म्हणजे आम्ही आधीचे!"

"थांबा. प्राध्यापकांना इतक्यात कळवू नका."

"किती दिवस थांबू?"

"माहीत नाही."

"कशासाठी थांबू?"

"तेही माहीत नाही."

त्यांनी त्याच संध्याकाळी कळवलं. त्यांच्या जागी मीही कळवलं असतं.

पुढचे तीन आठवडे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आधी यंत्रावर संशय घेतला. पण त्याच खेपेला ज्याचं वय आधीच माहीत आहे असं लाकूडही पाठवलं होतं, त्याचं उत्तर बरोबर आलं होतं. मग माझ्या हातावर संशय घेतला. दोन नळ्यांची अदलाबदल झाली का? वहीप्रमाणे नाही. मग जमिनीवर. उंदराच्या बिळातून दाणे खालीवर होतात. अंगठ्याएवढ्या बिळातून चारशे वर्षं सहज सरकतात. पण हे दाणे मडक्यात होते. मग मडकंच जुन्या उकिरड्यातून आलं का? एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून मी कागदावर बाण काढत असे. एकदा बाण काढता काढता सेम्बावांग मागे पडलं आणि पुढच्या स्टेशनवरून परत यावं लागलं. आठवड्याच्या शेवटी माझ्याकडे सहा स्पष्टीकरणं होती आणि ती एकमेकांना खोटं ठरवत होती.

"अहो, तुम्ही वरणात दोनदा मीठ घातलंत," बायको, संगीता, म्हणाली.

"एकदाच घातलं."

"मग पहिल्यांदा कोणी घातलं?"

मी वरणात पाणी वाढवलं.

शेवटी मी डॉक्टर शेन यांना बोलावलं. म्हटलं, उरलेले नऊ दाणे दोघांनी मिळून सूक्ष्मदर्शकाखाली बघू. सगळे राळेच आहेत, की दुसरं काही मिसळलंय? मी कपाटातून पिशवी काढली, त्यातलं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडलं, नाकाजवळ नेलं, डोळे मिटले आणि हसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"आईच्या रजयांची पेटी. हिवाळा आला की ती उघडायची. अगदी हाच वास."

मला काहीच वास आला नाही. माझ्या नाकाला तो येतच नसे, कारण आमच्या घरातल्या प्रत्येक कपाटात तो होता. लहानपणापासून होता. डांबरगोळ्यांचा.

ते कसं झालं ते सांगतो. सिंगापूरच्या दमट हवेत कागदाला कसर लागते. आमच्या रिसेप्शनवरच्या नूरने एक दिवस ओरडून सांगितलं की कपाटातल्या चिठ्ठ्यांचे कोपरे खाल्ले गेलेत. चिठ्ठी गेली की नमुना गेला, कारण मग तो कुठला कोळसा हे देवालाही सांगता येणार नाही. मी दुसऱ्या दिवशी येताना सुपरमार्केटमधून डांबरगोळ्यांचं पाकीट आणलं आणि प्रत्येक खणात तीन तीन टाकल्या. दर दोन महिन्यांनी त्या उडून गेल्या की नव्या. घरी आई करायची, संगीता करते, मी केलं. यात विचार करण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

डांबरगोळी दगडी कोळशाच्या डांबरापासून बनते. तिच्यातला कार्बन कोट्यवधी वर्षांचा, त्यात कार्बन-१४ चा मागमूस नाही. तिची वाफ प्लास्टिकच्या पिशवीतून आरपार जाते आणि कोळसा वाफ शोषण्यासाठीच प्रसिद्ध आहे. नमुन्यात एक टक्का असा मेलेला कार्बन शिरला, की वय सुमारे ऐंशी वर्षांनी वाढतं. चारशे वर्षं वाढवायला पाच टक्क्यांना जरासं कमी. खांबाचा कोळसा लगेच धुतला होता, तो कपाटात राहिलाच नव्हता. हा हिशेब मी उभ्याउभ्या केला. डॉक्टर शेन अजून पाकिटाचा वास घेत होत्या.

मी सांगितलं. मग त्यांनी पाकीट हळूच टेबलावर ठेवलं.

"किती गोळ्या?"

"खणात तीन."

"केव्हापासून?"

"तुमचा नमुना यायच्या आधीपासून."

"वहीत दाखवा."

"वहीत नाही."

त्यांनी वही स्वतःकडे ओढली. "तुम्ही माझी छत्री लिहिलीत, मिस्टर कांबळे. ओली आहे हेसुद्धा लिहिलंत. आणि गोळ्या नाही लिहिल्यात?"

छत्री लॅबमध्ये आली होती, म्हणून लिहिली. गोळ्या घरून आल्यासारख्या आल्या. घरात केलेलं काम कोण लिहून ठेवतं?

टॅन साहेबांना सांगितलं तर त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "तिला आधीच सांगून टाकलंस? आयाह! आधी मला सांगायचं, लाह."

"सांगायचं नव्हतं का?"

"सांगायचंच. पण आधी मला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चारशे वर्षं सगळी गोळ्यांचीच, हे नक्की?"

"नक्की नाही."

"मग किती गोळ्यांची?"

"ते शोधतो."

शोधलं. पक्ष्यांच्या दुकानातून ताजे राळे आणले, लॅबच्या भट्टीत जाळले, त्यांचे दोन भाग केले. एक भाग काचेत बंद, दुसरा तीन आठवडे डांबरगोळ्यांबरोबर बरणीत. मग दोन्ही नेहमीच्या पद्धतीने धुऊन पाठवले. मला वाटलं होतं, आता एकदाचं उजेडात येईल. दोघांत फरक आला एकशे ऐंशी वर्षांचा. सव्वादोन टक्के.

म्हणजे निम्म्याला जरा कमी. उरलेली दोनशेवीस वर्षं कोणाची? बरणीत वास जास्त कोंडला होता, पण कपाटातला काळ जास्त होता. ताजा कोळसा जुन्यासारखाच शोषतो का, कोण जाणे. उंदीर? उकिरडा? की नगर खरोखरच दोनशेवीस वर्षं आधीचं, आणि खांब नंतर बदललेला, आणि आग दुसरीच? मी डॉक्टर शेन यांच्यापुढे सगळे कागद मांडले.

"तुमचं मत काय?" त्यांनी विचारलं.

"माझं मत असं आहे की मला कळत नाही."

"प्राध्यापक म्हणतात, गोळ्यांची चूक वजा करा आणि उरलेलं वय छापा. तरी आपण आधीचे."

"तसं वजा करता येत नाही. मी बरणी मोजली, कपाट नाही मोजलं."

"नऊ दाणे आहेत अजून. वास काढून टाकता येईल?"

"कदाचित. तीन-चार वेगवेगळ्या द्रावणांत धुवावं लागेल. पण एवढ्यात नऊच्या नऊ लागतील. आणि अल्कलीत ते विरघळूनही जातील. तसं झालं तर हातात तपकिरी पाणी, आणि मागे काही नाही."

"तुम्ही काय कराल, माझ्या जागी?"

जाळायला सांगावं, तर माझी चूक लवकर पुसली जाईल, म्हणून सांगतोय की काय असं मलाच वाटायचं. ठेवायला सांगावं, तर हिची नोकरी जाते. मी शेवटी म्हटलं, "मी तुमच्या जागी नाही."

"हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही कपाटाच्या जागी आहात."

त्यांनी तिथूनच प्राध्यापकांना फोन लावला. सगळं बोलणं चिनी भाषेत. मला इतक्या वर्षांत फक्त आकडे कळतात, गिऱ्हाइकांमुळे. त्यांनी दोनदा चारशे म्हटलं. पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. मग त्यांनी एक लहानसं वाक्य तीन वेळा म्हटलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणालात?

"मागे घेते, म्हटलं."

अहवालात मग खांबाचं वय छापलं गेलं. राळ्यांच्या रकान्यात लिहिलं होतं की साठवणीत नमुना दूषित झाल्याने निकाल मागे घेतला आहे. दूषित कोणी केला ते लिहिलेलं नव्हतं. ते मी दाण्यांबरोबर दिलेल्या चिठ्ठीत लिहिलं : किती गोळ्या, कुठल्या खणात, कधीपासून कधीपर्यंत, ठेवणारा कोण. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब चिठ्ठी. डॉक्टर शेन यांनी ती वाचली, खाली स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मीच हुंगून बघायला हवं होतं." नऊ दाणे काचेच्या कुपीत बंद करून त्या घेऊन गेल्या.

त्यांना संग्रहालयच मिळालं. वर्षातून दोन पत्रं येतात. कपाटं त्यांना पुसावी लागत नाहीत, त्याला माणूस आहे. सहलींना मात्र सांगावं लागतं. चीनमधून आमच्याकडे येणारे नमुने वर्षभर बंद झाले. टॅन साहेबांनी मला काढलं नाही, पण कपाटाची किल्ली नूरकडे दिली. ते योग्यच झालं. पाहुणे मला विचारतात की चीनची संस्कृती किती जुनी, तुम्हांला तर माहीत असेल. मी सांगतो की एका नगराबद्दल मला पूर्वी थोडंफार माहीत होतं, आता तेही नाही.

गेल्या महिन्यात डॉक्टर शेन यांची ईमेल आली. यंत्रं आता सुधारली आहेत, पूर्वीच्या दहाव्या हिश्श्यात काम होतं, हे खरं का? एका दाण्यात भागेल का? आणि भागत असेल तर तो तुम्हीच धुवाल का? दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही.

खरं आहे. भागेल, असं वाटतं. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. नऊ पाठवा म्हणू, की एकही नको?

"एवढा काय विचार करताय?" संगीताने विचारलं.

"परत चूक झाली तर?"

"तर आठ राहतील ना त्यांच्याकडे."

मी लिहिलं : एक पाठवा, आठ राहू द्या.

तो मंगळवारी आला. कुपीत, वर ॲल्युमिनियमचा कागद, माझ्या जुन्या चिठ्ठीची प्रत सोबत. मी झाकण काढून नाकाजवळ धरलं. वास आला की नाही ते मला ठरवता येईना. टॅन साहेबांना दिलं. त्यांनी हुंगलं आणि म्हणाले, "आहे. थोडासा, पण आहे." नूरला दिलं. तिने दोनदा हुंगलं. "काहीच नाही, मिस्टर कांबळे."

मी वहीत दोघांची मतं लिहिली, वेळ लिहिली, माझ्या नाकाचं काही खरं नाही असंही लिहिलं, आणि दाणा धुवायला घेतला.